चहा आणि चावी

"मॅडम, आधी अंगात ताकद तर येऊ दे. आत्ताच डोक्याला ताण दिला आणि पुन्हा काही झालं म्हणजे?"

वैशाली पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा हे म्हणाली. खरं तर हे वाक्य तिचं नव्हतंच. ते थोरल्या दिरांचं होतं, सासूबाईंचं होतं, शेजारच्या निवृत्त गुरुजींचंही होतं. डोक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की कुणीतरी हे म्हणतंच आणि सगळे माना डोलावतात, कारण ते पटण्यासारखं असतं. पाय मोडला तर आपण पायावर भार देत नाही, मग मेंदूला मार लागल्यावर मेंदूवर का द्यायचा? गेली कित्येक वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे, म्हणून त्याचं उत्तर एका घराची गोष्ट सांगूनच देते. नवरा-बायकोची परवानगी आहे, नावं बदललेली आहेत.

संजय, वय ३८, एसटीत कंडक्टर. बरीच वर्षं सातारा-पंढरपूर गाडीवर. जूनच्या पहिल्या पावसात रात्रीची ड्युटी संपवून मोटरसायकलवरून गावी निघाला आणि वळणावर गाडी घसरली. हेल्मेट होतं, आरशाला अडकवलेलं. दवाखान्यात आणलं तेव्हा शुद्धीचा स्कोअर ७ होता. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल बघून हा ग्लासगो स्कोअर काढतात. तो ३ ते १५ असतो; ८ किंवा त्याखाली म्हणजे दुखापत गंभीर. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ झाली होती. ऑपरेशन झालं, सूज उतरेपर्यंत कवटीचा एक तुकडा काढून ठेवला, गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी, नाकातून जेवणाची नळी. ऑगस्टच्या सुरुवातीला तो घरी आला, उजव्या हाताला थोडा कमजोर, पण चालता-फिरता.

वैशाली माझ्याकडे आली ती सप्टेंबरअखेर, आणि तीही त्याच्यासाठी नव्हे. तिला झोप लागत नव्हती, ब्लाऊज शिवायला बसली की हात थरथरायचे. कुणीतरी सांगितलं, समुपदेशकाकडे जाऊन ये.

"घरात रोज भांडण होतंय," ती म्हणाली. "ह्यांना सारखी गाडीची चावी पाहिजे. चावी, चावी, चावी. आम्ही लपवून ठेवली, गाडीच दिरांकडं नेऊन लावली. तरी तेच. नाही म्हटलं की ताट भिरकावतात. परवा आत्यांच्या अंगावर धावून गेले."

आत्या म्हणजे सासूबाई.

मी विचारलं, "चावी मागतात तेव्हा साधारण वाजलेले किती असतात?"

"सकाळी उठल्या उठल्या. मग दुपारी चारला..." आणि ती बोलता बोलता थांबली. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बराच वेळ गप्प बसली. "चारला आमच्यात चहा होतो," ती हळूच म्हणाली.

मी म्हटलं, मलाही खात्री नाही, पण उद्या करून बघा. चावी आणि कपबशी दोन्ही पुढ्यात ठेवा आणि काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तिचा मेसेज आला. त्यात एकच शब्द होता: "कपबशी".

दोन महिने तो माणूस आपल्याच घरात चहा मागत होता आणि घरचे त्याच्यापासून चावी लपवत होते.

ह्याला अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. शब्द पुसले गेलेले नसतात. स्वयंपाकघरात अंधारात फडताळातून साखरेचा डबा काढायला जावं आणि हाताला शेजारचा मिठाचा लागावा, तसं होतं. शेजारचा, सारख्या आवाजाचा, सारख्या अर्थाचा शब्द तोंडात येतो, आणि पुष्कळदा बोलणाऱ्याला आपण चुकीचा शब्द बोललो हे कळतही नाही. 'हो'च्या जागी 'नाही' येणं तर फारच नेहमीचं. "जेवणार का?" "नाही." ताट उचललं की संताप. घरच्यांना वाटतं हट्टी झालाय. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका नावाच्या सर्जनकडे एक रुग्ण आला होता. बरीच वर्षं तो 'तां' एवढाच उच्चार करू शकत होता, पण समोरच्याचं बरंचसं त्याला समजायचं आणि हातवाऱ्यांनी तो उत्तरं द्यायचा. तो वारल्यावर ब्रोकानं मेंदू तपासला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला. बोलण्याची मेंदूतली एक जागा तिथून कळली. संजयचा मार त्याच बाजूचा होता.

त्याच्या घरी गणपतीत एक गोष्ट घडली होती, ती मला दुसऱ्या भेटीत कळली. आरतीला संजय उभा राहिला आणि टाळ्या वाजवत अख्खी आरती म्हणाला, एक शब्द न चुकता. सगळ्यांचे डोळे भरून आले. आणि मग दिरांच्या मनात आलं, आरती म्हणता येते आणि साधं पाणी मागता येत नाही? नाटक तर करत नाही ना हा? त्या दिवसापासून ते त्याच्याशी जरा तुटकच वागायला लागले.

नाटक नव्हतं ते. पाठ झालेलं, तालावर बसलेलं, वर्षानुवर्षं घोकलेलं जे असतं, आरती, पाढे, वारांची नावं, अगदी शिव्यासुद्धा, ते नवीन वाक्य जुळवण्याच्या वाटेनं येत नाही. त्याची वाट वेगळी. म्हणून वाचाघात झालेला माणूस एक ते वीस घडाघडा म्हणतो आणि "मुलं किती?" ह्याला 'दोन' म्हणता म्हणता अडकतो. शिव्यांचं मुद्दाम लिहिलं, कारण माळकरी सासऱ्यांच्या तोंडून शिवी आली म्हणून हवालदिल झालेल्या दोन सुना मला भेटलेल्या आहेत.

आता ताकदीच्या प्रश्नाकडे येते.

दवाखान्यातून सोडतानाच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली, सगळ्यात शेवटी, इंग्रजीत एक ओळ होती: स्पीच थेरपी आणि कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे बोलण्याचे आणि लक्ष-स्मरणाचे उपचार, सुरू करावी. गोळ्या कुठल्या, किती वाजता, हे घरच्यांनी तिघातिघांना विचारून घेतलं होतं. ती शेवटची ओळ कुणी वाचलीच नव्हती, आणि मी वाचून दाखवल्यावरही त्यांना ती पुढं कधीतरी करायची गोष्ट वाटली. कवटीचं काढलेलं हाड अजून बसवलेलं नाही, डोक्याचा एक भाग मऊ आहे, आणि ह्याला बोलायला लावायचं?

भीती वेडगळ नव्हती. पण बोलण्यानं, चित्र ओळखण्यानं किंवा पाच वस्तू आठवण्यानं त्या जागेवर भार येत नाही. भार येतो पडण्यानं. म्हणून चालताना टोपी आणि सोबतीला माणूस हवा, आणि थेरपी खुर्चीत बसून चालते. फिट येण्याचं मूळही दुखापतीत असतं. गोळी चुकणं, जागरण आणि दारू ह्यांनी धोका वाढतो. शब्द शोधल्यानं वाढत नाही. तरी माझ्या शब्दावर त्यांनी विसंबावं असं मला वाटलं नाही. वैशालीसमोरच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अजून सुरू केली नाही?

विश्रांतीची गोष्ट खोटी नाही, तिचं माप मात्र आपल्याकडे चुकतं. डोक्याला हलका मार बसला तर पहिले एक-दोन दिवस शांत पडून राहायचं, मग हळूहळू रोजचं सुरू करायचं. गंभीर दुखापतीत तर रुग्ण धोक्याबाहेर आला की थेरपिस्ट खाटेपाशीच येतात. गिळणं नीट आहे का, ठसका लागतो का, हेही तेच बघतात. स्पीच थेरपिस्ट म्हणजे फक्त बोलायला शिकवणारी बाई, हा समज बऱ्याच घरात असतो. नाकातली नळी कधी काढायची हे ठरवण्यात तिचं मत लागतं.

एक टप्पा असा असतो जेव्हा खरंच सराव करून घ्यायचा नसतो. शुद्धीवर आल्यावर काही दिवस किंवा आठवडे माणूस गोंधळलेला असतो, आत्ता सांगितलेलं आत्ता विसरतो, नळ्या ओढतो, बायकोला आई म्हणतो. तेव्हा उजेड मंद, माणसं कमी, आवाज कमी, आणि दर थोड्या वेळानं शांतपणे सांगायचं: तुम्ही दवाखान्यात आहात, गाडीवरून पडला होतात, मी वैशाली. विचारायचं काही नाही. थेरपिस्ट तेव्हाही असतातच, फक्त त्यांचं काम तेव्हा घरच्यांना शिकवणं असतं. संजय हा टप्पा जुलैतच ओलांडून आला होता. म्हणजे वाट बघण्याचं कारण जुलैतच संपलं होतं.

हे ऐकल्यावर वैशालीनं पुढचा प्रश्न विचारला, आणि हा पहिल्याहून जड होता. "मग आमचे दोन महिने वाया गेले का?"

सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो हे खरं. लवकर सुरू केलेलं चांगलंच. पण 'सहा महिन्यांनी दार बंद होतं' असं जे सांगतात ते मी मानत नाही. दोन-तीन वर्षांनीही नवे शब्द परत आलेले, पैशाचा हिशोब परत जमू लागलेला मी बघितलंय. हळू येतात, पण येतात. तिला मी एवढंच म्हटलं की गेलेल्या महिन्यांचा हिशोब मांडत बसलात तर आजचा दिवसही त्यात जाईल, आणि थेरपिस्टचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. पूर्वी मी असं करत नसे. नव्यानं काम करायला लागले तेव्हा घरच्यांना "धीर धरा, वेळ लागतो" म्हणून पाठवून द्यायचे. धीर धरा म्हणजे थांबा, असा अर्थ माणसं काढतात हे मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या घरी गेले तो दिवस लक्षात आहे. नवरात्र होतं. ओसरीवर संजय खुर्चीत आणि समोर चटईवर पाच-सहा बाया-पुरुष. नुकतेच आलेले मामा पुढं वाकून विचारत होते, "काय संज्या, मला ओळखलंस का? सांग बरं, कोण मी? नाव सांग की." संजय हसायचा, ओठ हलवायचा, मग मान खाली. मामा मागं सरले की मावशी पुढं. ओळखलंस का? कोण आहे मी? त्याला सगळे ओळखू येत होते. नाव तेवढं येत नव्हतं. आजारी माणसाला भेटायला जाताना केळी आणि हा प्रश्न घेऊन जायची आपल्याकडे रीतच आहे. रोज पाच-सहा वेळा हा माणूस आपल्याच ओसरीवर नापास होत होता.

आणि मी तरी काय केलं? पाहुणे गेल्यावर खुर्ची ओढून बसले आणि सवयीनं विचारलं, "संजयराव, आज वार कोणता?" सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. तो माझ्याकडे बघत राहिला, मग आईकडे, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामांचाच प्रश्न मी शिकल्यासवरल्या भाषेत विचारला होता. तपासणी करायची ती बंद खोलीत, त्याला आधी सांगून. आणि ती करायला माणसं होती, मी नव्हे. त्याची माफी मागितली. त्यानं डाव्या हातानं माझ्या हातावर थोपटलं. दुसऱ्या दिवशी वैशालीनं दारावर मुलाच्या अक्षरात कागद लावला: "आत येताना आपलं नाव स्वतः सांगा. प्रश्न विचारू नका." गावात त्याच्यावर चर्चा झाली, काही जण रुसलेही.

स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोन दिवस साताऱ्यात बसायची. तरुण मुलगी, पुण्यात शिकलेली. पहिल्या दिवशी तिनं चित्रांचे पत्ते काढले: सफरचंद, छत्री, टोस्टर. टोस्टर बघून संजयनं जो चेहरा केला तो वैशाली अजून करून दाखवते. मुलगी हुशार होती, तिनं पत्ते बाजूला ठेवले आणि विचारलं, ह्यांच्या पिशवीत काय काय असायचं? पुढच्या वेळी वैशाली शिट्टी घेऊन आली, सुट्ट्या पैशांची चामडी बॅग, आणि जुना तिकिटं पंच करायचा चिमटा, यंत्रं आल्यावरही त्यानं जपून ठेवलेला. चिमटा हातात देताच त्यानं कट-कट वाजवला. दिवसभरात तो जेवढं हसला नसेल तेवढं त्या दोन आवाजांत हसला.

त्या मुलीनं दोन गोष्टी केल्या ज्या मला फार आवडल्या. 'हो' आणि 'नाही' त्याच्या तोंडात उलटसुलट होत होते. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. तिनं त्याला सांगितलं, तोंडानं काय यायचं ते येऊ दे, टेबलावर वाजवा. हवं असेल तर दोनदा, नको असेल तर एकदा. हात चुकला नाही. जेवणार का? टक-टक. अजून भाजी? टक. त्या आठवड्यापासून ताट भिरकावणं बंद झालं. चिडचिड मुख्यतः मेंदूच्या दुखापतीची, असं डॉक्टर सांगतात आणि ते खरंच आहे. पण ह्याच्या चिडण्यातला अर्धा भाग निव्वळ कुणाला काही कळत नाही ह्याचा होता.

दुसरी गोष्ट थांब्यांची. तिनं सुरुवात करून दिली, "सातारा...", आणि तो सुटला: कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पिलीव, पंढरपूर. आरतीसारखंच, एका दमात. पण "पुसेगावनंतर काय येतं?" असं मधूनच विचारलं की गप्प. त्याला परत साताऱ्याहून निघावं लागायचं. मग ती त्याच्याबरोबर म्हणायची आणि एका नावाआधी थांबायची. कोरेगाव, पुसेगाव, आणि... तो 'दहिवडी' म्हणायचा. हळूहळू पाठांतराच्या साखळीतून एकेक नाव सुटं होत गेलं. दिवाळीपर्यंत पुसेगाव म्हटलं की तो "दहिवडी, आणि तिथं चहा" म्हणायला लागला. चहा! वैशालीनं तिथून मला फोन केला, नुसतीच रडत होती.

भाषेचं विचारतात लोक. थेरपी मराठीत का, मुलांना इंग्रजी येतं, प्रमाण भाषेत बोलायला लावावं का? ज्या भाषेत माणूस घरात बोलत होता त्याच भाषेत. संजय 'मागं सरा' म्हणायचा, तर त्याला 'मागे' शिकवायचं नाही.

बोलण्यापलीकडचं जे असतं, ते घरच्यांना उशिरा दिसतं. शब्द परत यायला लागले तसं लक्षात आलं की तो अंघोळीला गेला की नुसता बसून राहतो. पाणी काढलेलं, साबण हातात, पण पुढं काय करायचं ते सुरूच होत नाही. आळशी झालाय, असं सासूबाई म्हणायच्या. टीव्ही चालू असेल तर समोरच्याचं काहीच पोचायचं नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी गायब. पन्नासातून पस्तीस वजा करायला मिनिटं लागायची, आणि हा माणूस हलत्या गाडीत उभ्यानं चाळीस जणांचे सुट्टे परत करत होता. लक्ष टिकणं, नवीन लक्षात राहणं, सुरुवात करणं, क्रम लावणं, ह्या सगळ्याचे जे उपचार ते कॉग्निटिव्ह थेरपी. ह्यात जादू काही नाही. मोबाइलवरचे मेंदूचे खेळ बरीच घरं आणतात. त्यानं माणूस मुख्यतः त्या खेळात तरबेज होतो. बदाम खायला माझी हरकत नाही.

उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. न्हाणीच्या भिंतीवर चार चित्रं, एकाखाली एक. कामाच्या वेळी टीव्ही बंद. गोळीसाठी फोनवर गजर, आणि गजराच्या आवाजात वैशालीचा आवाज: "पांढरी गोळी, जेवल्यावर." एक खिशातली वही, कायम त्याच खिशात, तिच्यात आजचं काय ते. वही बघायची हेच आधी शिकवावं लागतं, आणि ते विशिष्ट पद्धतीनं: "विसरलात तर काय बघायचं? वही." लगेच विचारायचं, मग एक मिनिटानं, मग दोन, मग चार, मग आठ. चुकायची वेळच येऊ द्यायची नाही. अडखळला की आपणच सांगून टाकायचं. शाळेत आपण उलट शिकलो, चुकत चुकत शीक म्हणून. ज्याची स्मरणशक्ती दुखावली आहे त्याच्या डोक्यात चूकच घट्ट बसते, ती चूक होती हे मात्र राहत नाही.

आणि थकवा. वीस मिनिटं सराव झाला की त्याचा चेहरा उतरायचा, शब्द परत घसरायला लागायचे. दिरांना वाटलं, बघा, ताण झालाच. हा शेतातून आल्यासारखाच थकवा, झोपला की उतरतो. पंधरा-वीस मिनिटं, मधे पडायचं, परत पंधरा. ताकद येऊ दे म्हणून वाट बघणाऱ्यांना मी इथं थांबवते, कारण ही ताकद नुसती पडून राहून येत नाही.

वैशालीबद्दल थोडं. सगळे संजयची चौकशी करायचे. चौथ्या की पाचव्या भेटीत ती म्हणाली, "मॅडम, माणूस वाचला म्हणून मी देवाला नारळ फोडला. पण हे ते नाहीत. ह्यांच्याबरोबर मी लगीन केलं नव्हतं." आणि लगेच तोंडावर हात ठेवला. गेलेल्या माणसासाठी रडायला आपल्याकडे दहा दिवस आहेत, तेरावा आहे, माणसं येऊन बसतात. माणूस घरात असूनही गेला असेल तर रडायला दिवस कुठला? मी तिला आठवड्यातला एक तास दिला आणि त्या तासात संजयच्या सुधारणेबद्दल बोलायला बंदी घातली. दिरांनाही काम नेमून दिलं, रोज संध्याकाळी दहा रुपये, वीस रुपये, पन्नास रुपये घेऊन त्याच्याबरोबर कंडक्टर-प्रवासी खेळायचं. ते आधी लाजले. नंतर "एक फुल, दोन हाफ, म्हसवड" असं ओरडताना मीच त्यांना ऐकलं. नाटकाचा संशय त्याच खेळात कधीतरी विरला.

नोकरीचं थोडक्यात सांगते, कारण बरेच जण घाबरून राजीनामा देऊन मोकळे होतात. राजीनामा देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातलं कलम २० म्हणतं, सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या माणसाला काढता येत नाही की हुद्दा खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, आणि तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवायचं. कायद्यानं उभी केलेली महामंडळं ह्यात येतात. ह्याच कायद्यातल्या एकवीस प्रकारांच्या यादीत वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, आणि तिथं वाचाघाताचा नाव घेऊन उल्लेख आहे. हातपाय धड दिसतात म्हणून प्रमाणपत्र मिळणार नाही, असं कुणी गावात सांगितलं तर ऐकू नका.

हाड जानेवारीत बसलं. अपघाताला वर्ष उलटल्यावर संजय डेपोत परत गेला, गाडीवर नाही, आत. सकाळचे चार तास, शांत खोली, एका वेळी एकच काम, हे पत्र थेरपिस्टनं लिहून दिलं होतं. नावं अजून अडतात. फोनवर बोलायला नको म्हणतो, कारण समोरच्याचं तोंड दिसत नाही. लग्नकार्यात अर्ध्या तासानं बाहेर येऊन बसतो. राग पूर्वीपेक्षा लवकर येतो, पण आता आपण चिडलो हे त्याला कळतं आणि तो उठून गोठ्याकडे जातो. पहिल्यासारखा झाला का, असं विचाराल तर नाही.

परवा वैशालीचा फोन आला. सकाळची वेळ, मागं कुकरची शिट्टी.

"मॅडम, हे चावी मागतायत."

"मग द्या की चहा."

"दिला. पिला. कप खाली ठेवला आणि परत म्हणाले चावी. मी म्हटलं चहा? तर टेबलावर वाजवलं."

"किती वेळा?"

"एकदाच." ती हसत होती आणि घाबरलीही होती. "आता खरंच गाडीच पाहिजे हो त्यांना. काय सांगू?"

मी म्हटलं, आज नाही एवढंच सांगा, आणि का नाही ते वहीत त्यांच्याच हातानं लिहून घ्या. फिटच्या गोळ्या चालू आहेत, उजवीकडचं लक्ष अजून उशिरा जातं. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय गाडी नाही. गुरुवारी दोघांनी या. आणि ह्या वेळी प्रश्न त्यांना विचारू दे.